पराभूत वीराचे देवपण

मुंबईच्या माझगाव भागात डॉकयार्ड रोड स्थानकाजवळून नवाब टँक मार्गाने जाऊ लागले, म्हणजे एक साधेसुधे जुने घर लागते. बाहेरून पाहणाऱ्यास ते गोदीतील एखाद्या कारकुनाचे वडिलार्जित बिऱ्हाड वाटावे. तांबडा दरवाजा व चिनी अक्षरे दृष्टीस पडली नाहीत, तर येथे देऊळ आहे हे शेजाऱ्याने सांगितल्याखेरीज कळावयाचे नाही. १९१९ साली उभारलेल्या या वास्तूचे नाव 'से यीप कून' असे आहे. 'से यीप' म्हणजे चार परगणे आणि 'कून' म्हणजे सभागृह. दक्षिण चीनमधील क्वांगतुंग प्रांतात सुनवुई, तोइसान, होइपिंग व यानपिंग हे चार परगणे एकमेकांस लागून आहेत. तेथील खलाशी, सुतार व कारागीर पोटासाठी जगभर पांगले. त्यांतील जे मुंबईच्या बंदरावर उतरले, त्यांनी हे घर बांधले. जिना चढून वर गेले की तांबड्या व सोनेरी रंगाच्या झगमगाटात, उदबत्तीच्या धुराने काळवंडलेल्या देव्हाऱ्यात, लालबुंद चेहऱ्याचा आणि छातीवर रुळणाऱ्या काळ्या दाढीचा एक योद्धा विराजमान झालेला दिसतो. हाच क्वान कुंग. त्याचे मूळ नाव क्वान यू. 'कुंग' हे आदरार्थी पद, आपण 'महाराज' म्हणतो तसे.

गोमंतकीय वाचकांस 'कूड' म्हणजे काय ते सांगावयास नको. आगबोटीवर नोकरी मिळेपर्यंत गावच्या माणसाला मुंबईत पाठ टेकावयास जागा हवी, आजारपणात कुणी पाहणारे हवे, मेल्यावर मूठमाती देणारे हवे, म्हणून धोबीतलावपासून माझगावपर्यंत गोव्याच्या गावागावांच्या कुडी निघाल्या. प्रत्येक कुडीत गावच्या संताची तसबीर व तिच्यापुढे संध्याकाळची प्रार्थना. आमच्या बाजूच्या गिरणी-कामगारांच्या खोल्यांतून ग्रामदेवतेचा फोटो असे, तोही याच न्यायाने. से यीप कून ही चिन्यांची कूड होय. परमुलखात माणूस प्रथम भाकरी शोधतो हे खरे. पण भाकरी मिळाली की त्याच आठवड्यात तो आपला देव मांडतो.

मुंबईचा व चीनचा संबंध तसा जुना, आणि सगळाच अभिमानाने सांगण्याजोगा नव्हे. माळव्याची अफू मुंबईच्या धक्क्यावरून कँटनला जात असे व तिच्या नफ्यावर या शहरातील कित्येक दानशूर घराणी उभी राहिली. अफूच्या युद्धात चीनचा मोड झाल्यावर १८४२ च्या २९ ऑगस्टला ज्या 'कॉर्नवॉलिस' जहाजावर नानकिंगचा तह झाला, ते मुंबईच्या गोदीत वाडियांच्या देखरेखीखाली बांधलेले जहाज होते. महाबळेश्वरला १८३४ पासून १८६४ पर्यंत चिनी व मलायी कैद्यांचा एक तुरुंग होता. त्या कैद्यांनी केलेल्या भाजीपाल्याच्या मळ्यांची आठवण तेथील 'चायनामन' धबधब्याच्या नावात राहिली आहे. आणि मकाव बंदर तर १८४४ पर्यंत गोव्याच्याच अंमलाखाली होते. तेव्हा क्वान कुंग हा आपल्या किनाऱ्याला अगदीच अनोळखी पाहुणा मानण्याचे कारण नाही.

आता या देवाची मनुष्यपणाची हकीकत पाहू. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरीस हान घराण्याची सत्ता खिळखिळी झाली व चीनमध्ये जो तो सरदार आपापल्या बळावर राज्य करू लागला. त्या धामधुमीत शान्सी प्रांतातील एक फरारी तरुण ल्यू पेइ नावाच्या, राजवंशाशी नाते सांगणाऱ्या पण कफल्लक सरदाराच्या पदरी राहिला. तोच क्वान यू. तो फरारी का झाला हे जुना इतिहासकार सांगत नाही. लोककथा सांगते की गावातील एका जुलमी धनिकाला त्याने ठार मारले होते. इ. स. २०० मध्ये तो शत्रूच्या, म्हणजे त्साओ त्साओच्या हाती लागला. त्साओने त्याला कैदेत टाकण्याऐवजी मान दिला, देणग्या दिल्या, पदवी दिली. क्वान यूने या उपकाराची फेड म्हणून त्साओच्या शत्रूचा एक सेनापती रणात मारला. आणि मग सर्व देणग्यांवर मोहोर करून, निरोपाचे पत्र ठेवून, तो आपल्या निर्धन धन्याकडे परत गेला. उपकाराची फेड आणि निष्ठा यांचे हिशेब त्याने वेगवेगळे ठेवले. त्याच्या पुढील सर्व कीर्तीचे बीज या एका कृत्यात आहे.

परंतु शेवट विजयाचा नाही. चिंगचौ हा मोक्याचा प्रांत राखण्याचे काम ल्यू पेइने त्याच्यावर सोपविले होते. शेजारी सुन च्युआन हा दोस्त. त्याने आपल्या मुलासाठी क्वान यूची मुलगी मागितली, तेव्हा या वीराने दूताचा अपमान करून त्याला परत पाठविले. पुढे तो उत्तरेस त्साओच्या सैन्याशी झुंजण्यात गुंतला असता सुन च्युआनच्या सेनापतीने मागून चिंगचौ घशात घातले. सैन्य फुटले, क्वान यू पकडला गेला व इ. स. २२० च्या सुमारास त्याचा शिरच्छेद झाला. शिर त्साओकडे पाठविण्यात आले, ते लोयांगजवळ पुरले. धड तांगयांग येथे राहिले. त्याच शतकात इतिहास लिहिणाऱ्या चेन शौने त्याचे शौर्य मान्य करून त्याच्या अहंकारावर स्पष्ट बोट ठेवले आहे. दोस्ताचा अपमान, प्रांताचा नाश, स्वतःचा व मुलाचा वध, अशी ही सरळ सरळ अपयशाची नोंद आहे. त्याच्या मरणानंतर सुमारे चाळीस वर्षांनी, इ. स. २६० मध्ये, त्याला मरणोत्तर 'हौ' ही सरदारकी मिळाली. पण ती मिळाली तेव्हा त्याच्या धन्याचे राज्य बुडावयास तीनच वर्षे उरली होती.

अशा माणसाचा देव कसा झाला? युरोपीय पंडितांनी या प्रश्नावर पुष्कळ लिहिले आहे. पण मला वाटते, बेळगावच्या परिसरात वाढलेल्या माणसाला याचे उत्तर अर्धेमुर्धे घरातच सापडते. येळ्ळूरच्या आसपासच काय, साऱ्या कर्नाटक-महाराष्ट्राच्या सीमेवर देवळाच्या आवारात, तळ्याच्या काठी, शेताच्या बांधावर वीरगळ उभे आहेत. खालच्या चौकटीत झुंज, मधल्या चौकटीत अप्सरा त्या वीराला वर नेत आहेत, वरच्या चौकटीत तो शिवलिंगापुढे हात जोडून बसला आहे, आणि माथ्यावर सूर्य-चंद्र. या दगडांवरचा वीर बहुधा हरलेला, निदान मेलेला असतो. गुरे वळवून नेणाऱ्यांशी लढताना तो पडला. जिंकून घरी आलेल्या माणसाचा वीरगळ कोणी कोरत नाही. गाव ज्याला शेंदूर लावते तो गावासाठी मेलेला असतो; तो कोण होता, कोणत्या राजाचा होता, हे पुढे कोणाच्या ध्यानात राहत नाही.

दुसरी गोष्ट भीतीची. तळकोकणात व गोव्यात देवचार, राखणदार, वेताळ यांना मान देण्याची जी रीत आहे, तिच्या मुळाशी अकाली व हिंसक मरणाचे भय किती आहे हे जुन्या माणसांस विचारावे. ज्याचा आत्मा अतृप्त राहिला, तो गावच्या वेशीवर बसवून, त्याला नारळ-कोंबडा देऊन, राखण करावयास लावणे हा आपला जुना तोडगा आहे. क्वान यूच्या पूजेचा आरंभ नेमका असाच झालेला दिसतो. धड एकीकडे व शिर दुसरीकडे अशा त्या सेनापतीचा आत्मा तांगयांगच्या टेकड्यांवर वावरतो, अशी समजूत तेथील लोकांत होती व त्याच्या नावाने ते दचकत असत. तेथील युच्युआन मठातल्या बौद्ध भिक्षूंनी कथा रचली की, या आत्म्याने सहाव्या शतकातील थोर आचार्य चिर्-ई यांच्यापुढे शरणागती पत्करली व तो मठाचा रक्षक झाला. भुताचा राखणदार झाला. बौद्ध मंदिरांतून तो आजही द्वाररक्षक म्हणून उभा असतो.

ताओ पंथीयांनी त्याला जी बढती दिली, ती मात्र अधिक चमत्कारिक आहे, आणि तिच्या मुळाशी मीठ आहे. क्वान यूच्या जन्मग्रामाजवळ शान्सीत खाऱ्या पाण्याचे एक मोठे सरोवर आहे. शेकडो वर्षे चीनच्या राजांनी या सरोवराच्या मिठावर कर घेऊन खजिना भरला. सोंग राजवटीत एकदा तेथील मीठ पिकेनासे झाले. कथा अशी की, सम्राटाने ताओ पंथाच्या 'स्वर्गीय आचार्या'ला बोलाविले. आचार्याने सांगितले की, चि-यू नावाचा प्राचीन राक्षस सरोवरात उपद्रव देत आहे. आणि मंत्र लिहिलेला कागद जाळून त्याने क्वान यूला पाचारण केले. वादळ झाले, आकाश काळवंडले, युद्ध झाले. राक्षस हरला आणि मीठ पुन्हा पांढरे झाले. शिरोड्याच्या किंवा गोव्याच्या आगरांतून मीठ कसे पिकते व अवेळी पावसाने कसे बुडते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या कथेचा धाक कळेल. ज्या देवाने सरकारचा महसूल वाचविला, त्याला सरकारने विसरणे शक्य नव्हते. बाराव्या शतकाच्या आरंभी सोंग सम्राट ह्वेइत्सुंगने त्याला आधी ड्यूकसारखी व मग राजाची पदवी दिली. शान्सीचे मीठ-व्यापारी देशभर फिरत. जेथे त्यांची पेढी, तेथे त्यांचा देव. अशा रीतीने तलवारीचा हा धनी व्यापाऱ्यांचा व धनाचा देव झाला. चिनी दुकानदार असेही सांगतात की, जमाखर्चाची वही त्यानेच शोधून काढली. दिवाळीत वहीपूजन करणाऱ्या आपल्या पेढीवाल्यांस या दाव्याचे हसू येऊ नये. व्यापार उधारीवर चालतो व उधारी शब्दावर. शब्द पाळणारा म्हणून ज्याची ख्याती, त्याच्यापेक्षा सावकाराला अधिक उपयोगी देव कोणता?

राजसत्तेने पुढे या देवाचा जो पिच्छा पुरविला, तो पाहून एखाद्याला देवाची कीव यावी. १६१४ मध्ये मिंग सम्राटाने त्याला 'तिन्ही लोकांतील राक्षसांचा दमनकर्ता महासम्राट' अशा अर्थाची लांबलचक ताओवादी पदवी दिली. पुढे मांचूंनी चीन जिंकला. हे परके राज्यकर्ते. निष्ठेचा धडा देण्यासाठी त्यांना चिनी वीर हवा होता, पण मांचूंच्या पूर्वजांशी लढलेला यो फेइ त्यांना चालण्यासारखा नव्हता. क्वान यू सोयीचा. १७२५ मध्ये युंगचेंग सम्राटाने प्रत्येक जिल्ह्यात त्याचे एक सरकारी देऊळ मुक्रर करून वर्षातून ठरावीक पूजा अधिकाऱ्यांकडे सोपविली, इतकेच नव्हे तर देवाच्या तीन पिढ्यांच्या पूर्वजांस सरदारकी बहाल केली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तायपिंग बंडाने साम्राज्य हादरले, तेव्हा त्याचा दर्जा आणखी वाढविण्यात आला. प्रसेनजित दुआरा या भारतीय वंशाच्या इतिहासकाराने १९८८ मध्ये एका सुप्रसिद्ध निबंधात या साऱ्याचा उलगडा केला आहे. एकाच पाटीवर जुनी अक्षरे न पुसता त्यांवर नवी अक्षरे लिहीत जावी, तसे या देवावर भिक्षूंनी, व्यापाऱ्यांनी, शेतकऱ्यांनी व सम्राटांनी आपापले अर्थ लिहिले, असे त्याचे प्रतिपादन. मला ते पटते. फक्त त्यात एक पुस्ती जोडावीशी वाटते: वरचे अक्षर नेहमी सरकारचे असते, पण खालचे अक्षर फार काळ टिकते.

या पुस्तीला ताजा पुरावा आहे. क्वान यूने जे चिंगचौ गमावले, त्याच शहरात २०१६ मध्ये त्याचा ५८ मीटर उंचीचा काशाचा पुतळा उभारण्यात आला. त्या जुन्या शहरात इमारतींच्या उंचीवर २४ मीटरची मर्यादा होती. २०२० मध्ये केंद्रीय खात्याने ताशेरे ओढले व २०२१ मध्ये तो महाकाय पुतळा सुटा करून हलविण्यास प्रारंभ झाला. तीन सम्राटांनी पदव्या दिलेला देव बांधकाम-परवान्याच्या प्रश्नावर खाली उतरला! वकिलाला यात आनंद वाटावा, पण माझे लक्ष दुसरीकडे जाते. आमच्या येळ्ळूरच्या डोक्यावर राजहंसगड आहे. त्यावर सिद्धेश्वराचे जुने देऊळ आहे, आणि आता शिवछत्रपतींचा पुतळा आहे. २०२३ च्या मार्चमध्ये या एकाच पुतळ्याचे अनावरण चार दिवसांत दोनदा झाले, दोन वेगवेगळ्या पक्षांकडून. पाटीवर कोण किती अक्षरे लिहितो हे पाहावयास आम्हांस चीनला जाण्याची गरज पडली नाही.

आता उत्सवांकडे वळू. चिनी पंचांग आपल्या पंचांगाप्रमाणेच अमान्त व चांद्र असून त्यातही अधिक मास येतो, त्यामुळे मराठी वाचकास त्याच्या तिथ्या सहज लावता येतात. त्यांचा पहिला महिना सामान्यतः आपला माघ. क्वान कुंगचा मुख्य जन्मोत्सव सहाव्या महिन्याच्या चोविसाव्या दिवशी, म्हणजे बहुधा आषाढ वद्य नवमीच्या सुमारास येतो. त्या दिवशी देवापुढे डुक्कर, कोंबडी व मासा असा तिहेरी नैवेद्य, फळे, मद्याचे पेले, तांबड्या मेणबत्त्या. बाहेर फटाके व नाटक. ताओ पुरोहित मंत्र म्हणून देवाच्या नावाचे कागद अग्नीत सोडतात, कारण त्यांच्या मते स्वर्गाशी पत्रव्यवहार धुराच्या मार्गानेच होतो.

परंतु मला त्याहून प्रिय वाटतो तो पाचव्या महिन्यातला तेरावा दिवस. त्याला 'तलवार पाजळण्याचा दिवस' म्हणतात. या दिवशी क्वान कुंग आपल्या चंद्राकृती पात्याला सहाणेवर धार लावतो, असे उत्तर चीनमधील शेतकरी मानीत; आणि सहाणेवर ओतलेले पाणी म्हणजे त्या दिवशी पडणारा पाऊस. पाऊस आला तर देवाने पाते घासले. न आला तर कोरड्या रानाचे काय करावे हा घोर. हा दिवस आपल्या ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला, वटपौर्णिमेच्या एकदोन दिवस आधी येतो. त्याच सुमारास येळ्ळूरच्या शिवारात भाताची पेरणी उरकून किंवा खोळंबून माणसे मृगाकडे डोळे लावून बसलेली असतात. शान्सीचा तो कोरडा, पिवळ्या मातीचा मुलूख आणि आमची काळी, भाताची जमीन यांत हजारो कोसांचे अंतर. पण ज्येष्ठात आभाळाकडे पाहणाऱ्या माणसाचा चेहरा दोन्हीकडे एकच असावा. सम्राटाच्या पदव्यांशी या शेतकऱ्याचे काही देणेघेणे नव्हते. त्याने आपल्यापुरती तलवारीची धार पाण्यात उतरवून घेतली होती.

नाटकाचा उल्लेख वर आला. क्वान यूची कथा चौदाव्या शतकातील लो क्वानचुंगच्या नावावर असलेल्या 'तीन राज्यांची कथा' या प्रचंड कादंबरीने घरोघरी नेली, आणि रंगभूमीने ती निरक्षरांपर्यंत पोचविली. कादंबरीकाराने पदरची भर पुष्कळ घातली आहे. विषारी बाण लागलेल्या हाताचे हाड वैद्य खरवडत असता क्वान यू शांतपणे खातपीत बसला होता, ही गोष्ट जुन्या इतिहासात आहे. पण तेथे वैद्याचे नाव नाही. कादंबरीत ते काम प्रख्यात वैद्य ह्वा तो याच्याकडे दिले आहे, जो या प्रसंगाच्या कितीतरी आधी, २०८ मध्ये, मरण पावला होता. उलटतपासणीत हा साक्षीदार टिकणार नाही. पण रंगभूमीला त्याची पर्वा नाही. चिनी संगीत नाटकात क्वान यूची भूमिका करणारा नट आधी सोवळे पाळी, उदबत्ती लावी, देवाची कागदी प्रतिमा शिरोभूषणात ठेवी व प्रयोग संपताच ती जाळून टाकी. तोंड तांबडे रंगविल्यावर तो त्या रंगावर मुद्दाम एक काळा ठिपका वा रेघ ओढीत असे. आपण देवाचे सोंग घेतले आहे, देव नव्हे, याची ती कबुली. दशावताराचा पेटारा मांडून त्याची पूजा झाल्याशिवाय रंगाला हात न लावणाऱ्या आमच्या दशावतारी मंडळींना ही रेघ ताबडतोब समजेल.

आणि कौल. माझगावच्या देवळात भाविक गुडघे टेकून बांबूची नळी हलवितो. नळीतल्या क्रमांक घातलेल्या काड्यांपैकी एक बाहेर पडते. त्या क्रमांकाची चिठ्ठी काढून तिच्यावरून देवाचे उत्तर वाचतात. अन्यत्र अर्धचंद्राकृती दोन लाकडी ठोकळे टाकून होकार-नकार पाहण्याचीही रीत आहे. रवळनाथापुढे गाऱ्हाणे घालून, कळे लावून, उजवा पडतो की डावा हे श्वास रोखून पाहणाऱ्या माणसाला यात परके काय वाटणार? देवाला प्रश्न विचारण्याची प्रत्येक मुलखाची तऱ्हा निराळी. प्रश्न मात्र तेच: पोर बरे होईल काय, जहाजावर नोकरी लागेल काय, भावाने घेतलेले पैसे परत मिळतील काय.

शपथेचा विषय तर वकिलाच्या हक्काचा. कादंबरीतील सर्वांत लोकप्रिय प्रसंग म्हणजे ल्यू पेइ, क्वान यू व चांग फेइ यांनी पीच फळांच्या बागेत घेतलेली बंधुत्वाची आण: एका दिवशी जन्मलो नसलो तरी एका दिवशी मरू. इतिहासात एवढेच आहे की हे तिघे भावांसारखे राहत. बाग कादंबरीने लावली. पण त्या बागेच्या सावलीत चिन्यांचे व्यापारी संघ, खलाशांच्या मंडळ्या व गुप्त टोळ्या शपथा घेऊ लागल्या. हाँगकाँगमध्ये पोलीसचौकीत क्वान कुंग असतो व पोलीस ज्यांच्या मागावर असतात त्या टोळ्यांच्या अड्ड्यातही तोच असतो. इंग्रजी न्यायालयांनाही परधर्मीयांच्या शपथेचा पेच पडला होता. कलकत्त्याच्या एका प्रकरणात हिंदू साक्षीदारांनी ब्राह्मणाच्या पायाला हात लावून घेतलेली शपथ ग्राह्य धरावी, असा निर्णय इंग्लंडात १७४४ मध्ये झाला; आणि १८४२ मध्ये, नानकिंगच्या तहाच्या वर्षीच, एका चिनी साक्षीदाराने इंग्रजी न्यायासनापुढे बशी फोडून शपथ घेतली. आपल्याकडील १८७३ च्या शपथांच्या कायद्यात अशी सोय होती की, पक्षकार आपल्या जातीधर्मात बंधनकारक मानलेल्या रीतीने प्रतिपक्षाने शपथ घेतल्यास ती मान्य करीन, असे म्हणू शके. तशी शपथ घेतली गेली की तिने दावा निकालात निघे. बेलभंडार उचलून कित्येक बांधांचे तंटे याच कलमाखाली मिटले. १९६९ च्या नव्या कायद्याने ही सोय काढून टाकली. ते योग्य झाले असेही म्हणता येईल. पण देवासमोर खोटे बोलण्यास कचरणारा आणि न्यायाधीशासमोर न कचरणारा पक्षकार मी व्यवसायात अनेकदा पाहिला आहे, एवढे नोंदवून ठेवतो.

निष्ठेच्या या देवाच्या भक्तांवर निष्ठेचाच आरोप यावा, हा इतिहासाचा क्रूर विनोद १९६२ मध्ये घडला. त्या वर्षी ऑक्टोबरात सीमेवर युद्ध पेटले. भारत संरक्षण वटहुकूम निघाला. पाठोपाठ परकीयांविषयीच्या कायद्यात अशी दुरुस्ती झाली की, ज्याचे स्वतःचे, आईबापांपैकी कोणाचे किंवा आजाआजींपैकी कोणाचेही नागरिकत्व कधीकाळी आक्रमक देशाचे होते, त्यालाही परकीयांचे निर्बंध लागू करता यावेत. म्हणजे येथे जन्मलेला, येथल्या शाळेत शिकलेला, भारताचा नागरिक असलेला मनुष्यही आजोबांच्या गावामुळे परका ठरू शके. आसाम, बंगाल व दार्जिलिंगकडील सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या स्त्रीपुरुषांस व मुलांस राजस्थानात देवळी येथील छावणीत नेऊन ठेवण्यात आले. ही तीच देवळी, जेथे इंग्रजांनी जयप्रकाश नारायणांना स्थानबद्ध केले होते. कित्येकांस तेथे वर्षेच्या वर्षे काढावी लागली. मुंबईतील कुटुंबांना पोलीसठाण्यावर हजेरी, प्रवासास परवानगी, शेजाऱ्यांचे संशयी डोळे हे सोसावे लागले, आणि पुष्कळ घरे हाँगकाँग, कॅनडा, ऑस्ट्रेलियाकडे निघून गेली. युद्धकाळात राज्याने सावध असावे हे मी नाकारीत नाही. पण कायद्याने आजोबांपर्यंत हात पोचविला, तेव्हा आरोपीने काय केले हा प्रश्नच उरला नाही. ज्यांचे गाव १९५६ च्या १ नोव्हेंबरला जागचे न हलता एका राज्यातून दुसऱ्यात गेले, त्यांना तरी कागदावरची रेघ आणि माणसाची निष्ठा या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे समजावून सांगावे लागू नये.

त्साओ त्साओच्या छावणीत राहून ज्याने यजमानाचे ऋण फेडले व आपल्या माणसाला विसरला नाही, त्याला चिनी परंपरा निष्ठावंत म्हणते. दोन घरांशी एकाच वेळी प्रामाणिक राहता येते, असा त्याचा दाखला. १९६२ च्या माझगावात त्याच्या देव्हाऱ्यापुढे बसलेल्या माणसांनी काय मागितले असेल, याची कल्पना करवत नाही.

आज त्या देवळाचा मोठा दिवस म्हणजे चिनी वर्षप्रतिपदा. पौष अमावास्येच्या रात्री उरलीसुरली चिनी कुटुंबे, कोणी दंतवैद्य, कोणी उपाहारगृहवाले, कोणी केशप्रसाधनाचा धंदा करणारे, मुलाबाळांसह जिना चढून वर येतात. संत्री, मिठाई, तांबड्या पाकिटांतून मुलांना पैसे, उदबत्त्यांचे झुबके. त्यांतील कितीतरी जण रविवारी चर्चमध्येही जातात; क्वान कुंगची त्याला हरकत असल्याचे ऐकिवात नाही. बंगाली, मराठी, पारशी स्नेही येतात, छायाचित्रे काढतात. मुलांच्या बोलण्यात हिंदी व इंग्रजी अधिक, कँटनी कमी. काडीवरची चिठ्ठी वाचण्यासाठी त्यांना कोणा वडीलधाऱ्याला हाक मारावी लागते. एप्रिलच्या आरंभी छिंगमिंगच्या दिवशी हीच मंडळी अँटॉप हिलवरील चिनी दफनभूमीत जातात, थडग्यांवरचे गवत काढतात, फळे व मद्य ठेवतात आणि कागदी नोटा जाळतात. दगडांवर परगण्याचे व गावाचे नाव कोरलेले असते. पुष्कळ दगड असे आहेत की ज्यांच्याकडे आता कोणीच येत नाही. तेव्हा शेजारच्या थडग्यावर आलेला माणूस आपल्या जुडग्यातील एखादी उदबत्ती तेथेही लावून पुढे जातो.